आमचा जिल्हा कुणाच्या वाट्याला?

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष,
मुंबई.

विषय : परभणी जिल्ह्याची वाटणी आणि तिचा हिशेब.

महोदय,


हे पत्र एकाच पक्षाला लिहायचे मनात होते, पण कोणत्या ते ठरेना. ऊस, विमा, कापूस, जमीन, यातली कोणतीही फाइल उघडली की तुमच्यापैकी कुणाची ना कुणाची सही निघते. सत्तेतल्यांची निघते, विरोधातल्यांचीही निघते, आणि मधल्या काळात इकडून तिकडे गेलेल्यांची तर दोन-दोनदा निघते. म्हणून पत्र एक आणि पत्ते अनेक. प्रत्येकाने आपापला परिच्छेद वाचावा, जमल्यास शेजाऱ्याचाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आमच्याकडे म्हणतात. अर्धे थट्टेने, अर्धे अभिमानाने. तुमचे वक्ते स्टेडियमच्या मैदानावर हेच वाक्य टाकून टाळ्या घेतात आणि पुढच्या सभेला निघून जातात. त्यानंतरचे वाक्य ठरलेले असते : मराठवाड्याकडे आजवर दुर्लक्ष झाले, आम्ही अनुशेष भरून काढू. ही तक्रार मी करणार नाही. परभणीकडे दुर्लक्ष झालेले नाही. फार बारकाईने लक्ष दिले गेले आहे. नऊ तालुक्यांचा, 2011 च्या जनगणनेनुसार सव्वाअठरा लाखांहून अधिक वस्तीचा हा जिल्हा. मोठा उद्योग नाही, बंदर नाही, खाण नाही. तरी इथल्या उसावर, विम्याच्या हप्त्यावर, काळ्या जमिनीवर आणि लोकसभेच्या जागेवर इतक्या दूरच्या लोकांची नजर का असते, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. एखादा प्रदेश श्रीमंत असतो म्हणून त्याच्यावर ताबा हवा असतो असे नाही. तीन गोष्टी एकत्र आल्या की तो प्रदेश सोयीचा होतो. एक, तिथे दरवर्षी न चुकता पैसा फिरतो आणि तो फिरवणाऱ्याला दुसरीकडे जाण्याची मुभा नसते. दोन, त्या पैशाभोवतीची हद्द सरकार आखून देते, त्यामुळे सरकार ज्याचे त्याची मर्जी लागते. तीन, ‘नाही’ म्हणू शकेल अशी लोकांची संस्था तिथे उरलेली नसते. पहिल्या दोन गोष्टी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आहेत. तिसरी जिथे असते, तिथे तुम्ही सगळे आधी पोहोचता आणि तुमच्या मागोमाग गिऱ्हाईक पोहोचते.

विम्यापासून सुरू करू, कारण त्यात वाटणी अगदी कागदावर दिसते. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपात आली. पद्धत अशी की राज्य सरकार जिल्ह्यांचे गट पाडते, गटांच्या निविदा काढते आणि जिचा दर कमी त्या कंपनीला तो गट मिळतो. मोबाइलचे सिम न आवडले तर माणूस बदलतो. विमा कंपनी बदलायची तर परभणीच्या शेतकऱ्याला जिल्हा बदलावा लागेल. वर 2020 पर्यंत पीककर्ज घेणाऱ्याला हा विमा सक्तीचा होता. बँक हप्ता परस्पर कापून घेई. म्हणजे गिऱ्हाईक पक्के, वसुली बँकेची, केंद्र आणि राज्याचा वाटा सरकारी तिजोरीतून, आणि हद्द निविदेने ठरलेली.

त्याचे फळ काय, याचा एक हिशेब ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी नोव्हेंबर 2018 मध्ये अहमदाबादच्या किसान स्वराज संमेलनात मांडला होता, आणि उदाहरण म्हणून त्यांनी नेमका आपला जिल्हा घेतला होता. परभणीत सुमारे 2 लाख 80 हजार शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरले. त्यांनी 19.2 कोटी हप्ता भरला. केंद्र आणि राज्याने प्रत्येकी 77 कोटी घातले. एकूण 173 कोटी रिलायन्सच्या विमा कंपनीकडे गेले. पीक गेले, भरपाई मिळाली 30 कोटी. एका जिल्ह्यात, एका पिकावर, एका हंगामात 143 कोटी शिल्लक, असा साईनाथांचा हिशेब. त्याच वर्षी आमचे शेतकरी विम्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसले होते. मंडपात तुमच्यापैकी बरेच जण फोटोला येऊन गेले.

भरपाई ठरते कशी हे शहरातल्या वाचकाला फारसे माहीत नसते, म्हणून सांगतो. गावातला एक गट नंबर निघतो. त्या शेतात दोरीने एक तुकडा आखतात. कृषी सहायक, ग्रामसेवक किंवा तलाठी, कंपनीचा एक पोरगा आणि बांधावर चार बघे. तुकड्यातले सोयाबीन कापायचे, बडवायचे, उफणायचे, वजन करायचे. अशा थोड्या तुकड्यांच्या वजनावरून सगळ्या महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न काढतात आणि ते उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहतात. काट्यावर पाव किलो इकडे की तिकडे, यावर हजारो खातेदारांचे नशीब. एकक महसूल मंडळ धरायचे की तालुका, एवढ्या एका ओळीने कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होतात. नदीकाठचे एक मंडळ पूर्ण बुडालेले असते, पण तालुक्याची सरासरी ‘समाधानकारक’ निघते. ही ओळ मंत्रालयात लिहिली जाते. ती लिहिताना बांधावरच्या त्या चौघांना कुणी विचारत नाही.

शेजारच्या बीडची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे भरपाई जास्त द्यावी लागते म्हणून कंपन्या निविदाच भरीनात. शेवटी 2020 च्या खरिपात सरकारी मालकीच्या कृषी विमा कंपनीला पुढे करावे लागले आणि 80:110 चे सूत्र आले. भरपाई कमी झाली तर कंपनीने हप्त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत ठेवून उरलेले राज्याला परत करायचे, आणि 110 टक्क्यांच्या वर गेली तर वरचे राज्याने सोसायचे. बाजार आणि प्रदेश यांचे नाते याहून स्वच्छ कुठे दिसेल? फायदा असेल तिथे निविदांची रांग लागते, तोटा असेल तिथे सरकार आठवते.

पुढे 2023 मध्ये एक रुपयात विमा आला, बोगस अर्जांची ओरड झाली आणि 2025 च्या खरिपात ती सवलत गेली. जाताना स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीची भरपाईही गेली. उरले फक्त ते तुकड्याचे वजन. अर्ज बोगस भरले कुणी, तर दलालांनी. शिक्षा झाली कुणाला, तर ज्याचे सोयाबीन त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या पुरात शेंगेसकट सडले त्याला. सरकारने 7 ऑक्टोबर 2025 रोजी 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. पॅकेज ही सरकारची मर्जी असते. विम्याची भरपाई हा हप्ता भरणाऱ्याचा हक्क असतो. हक्काच्या जागी मर्जी आली की मर्जी सांभाळणारा पुढारीही आपोआप येतो.

आता ऊस. खासगी कारखाना वाईट आणि सहकारी चांगला, असली सोपी मांडणी मी करणार नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास जे उभे केले ते आमच्या वाट्याला उशिरा आले आणि अर्धेमुर्धे आले. परभणी तालुक्यातला नृसिंह, पाथरीचा गोदावरी दुधना ही सहकारी कारखान्यांची नावे ज्यांच्या वडिलांनी शेअर घेतले होते त्यांना आजही पाठ आहेत. भागभांडवलात सभासदाचा पैसा होता, सरकारचा त्याहून जास्त होता, आणि उरलेले कर्ज होते. ते कारखाने कुणी भांडवलदाराने मुंबईहून येऊन बुडवले नाहीत. संचालक मंडळांनी बुडवले, आणि संचालक तुमचेच होते. नोकरभरती, वाहतुकीचे ठेके, भंगार, मळी, निवडणुकीच्या जीपगाड्यांचे डिझेल. कुंपणानेच शेत खाल्ले. चुली थंड झाल्यावर ज्याने बॉयलर पेटवला त्याच्या पाया पडायला शेतकरी तयार होता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. उभ्या उसाला तत्त्व कळत नाही.

पण बुडवणारा आणि विकत घेणारा यांच्यामधला जो पूल आहे, तो तुमच्या घरातून जातो. आजारी कारखान्यांवर महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे कर्ज. बँकेने 2002 च्या सरफेसी कायद्याखाली ते जप्त केले आणि राज्यभर डझनांनी विकले. त्या बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने मे 2011 मध्ये बरखास्त केले, तेव्हा त्या टेबलाभोवती कोणता पक्ष नव्हता? बाहेर एकमेकांचे तोंड न पाहणारे तिथे शेजारी शेजारी बसत होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2019 मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितले. पुढे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. कायद्याच्या भाषेत काय सिद्ध होते ते न्यायालय बघेल. माझा मुद्दा साधा आहे. जो संचालक म्हणून विकतो आणि ज्याचे सगेसोयरे खरेदीदार म्हणून समोर येतात, त्याच्यासाठी खासगीकरण हा वैचारिक प्रश्न नसतो. तो घरातला व्यवहार असतो.

आज परभणी जिल्ह्यातले गाळप खासगी कारखान्यांच्या हातात आहे. खासगी म्हणजे मोकळी स्पर्धा असेल असे कुणाला वाटेल. तसे नाही. दोन साखर कारखान्यांत 25 किलोमीटरचे हवाई अंतर हवे, असा महाराष्ट्राचा नियम आहे. म्हणजे परवान्याबरोबर एक वर्तुळ मिळते, आणि त्या वर्तुळातला ऊस बहुतेक त्याचाच. मालक खासगी आणि कुंपण सरकारी, असा हा दुहेरी फायदा आहे. म्हणून साखरसम्राटाला आमदारकी लागते आणि आमदाराला कारखाना लागतो.

वर्तुळाच्या आत काय चालते ते जानेवारी-फेब्रुवारीत येऊन पाहा. उसाला तुरा आलेला असतो. वजन रोज घटते. नोंद जुलैची, पण तोडचिठ्ठी येत नाही. शेतकरी गटकार्यालयात खेटे घालतो. शेतकी विभागाचा माणूस यादी दाखवतो, यादीत नाव खाली सरकलेले असते. गेल्या निवडणुकीत कुणाच्या सभेला गेला होता, हे कुणी विचारत नाही. विचारायची गरज नसते. शेवटी चिठ्ठी येते तेव्हा टोळी ‘खुशाली’ मागते, ट्रॅक्टरवाला वेगळे मागतो, आणि तो निमूट देतो, कारण रान मोकळे झाले नाही तर पुढचे पीक हुकते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिले आहे की 14 दिवसांत पैसे द्या, नाहीतर 15 टक्के व्याज द्या. व्याज मिळालेला शेतकरी कुणाच्या पाहण्यात असेल तर त्याचा तालुक्याच्या ठिकाणी सत्कार करावा, गर्दी मी जमवतो.

हे परावलंबन कुठवर जाते, याचे एक उदाहरण देशभर गाजले. गंगाखेड शुगर या खासगी कारखान्यावर आरोप झाला की शेतकऱ्यांची कागदपत्रे वापरून, त्यांच्या नावे बँकांतून कर्ज उचलले गेले आणि शेतकऱ्यांना ते बँकेच्या नोटिसा आल्यावर कळले. ईडीने डिसेंबर 2020 मध्ये 255 कोटींची मालमत्ता जप्त केली. कारखान्याचे प्रवर्तक रत्नाकर गुट्टे 2019 ची विधानसभा निवडणूक तुरुंगातून लढले आणि जिंकले, 2024 लाही जिंकले. आरोपांचे काय होते हे न्यायालयाचे काम. मी मतदारांकडे बघतो आहे. सात-बारा, आधार, बँकेचे पासबुक आणि उसाची नोंद ज्याच्या कार्यालयात, त्याच्याविरुद्ध बोलायला आधी दुसरा कारखाना हवा, दुसरी बँक हवी. ती नसेल तर मत देणे हे निवडणे राहत नाही, उसाची नोंद टिकवणे होते.

कापसाचे थोडक्यात सांगतो. मानवत आणि सेलूच्या बाजारपेठा कापसाने मोठ्या केल्या. 1972 पासून राज्यात एकाधिकार खरेदी होती; ती भ्रष्ट झाली, तोट्यात गेली आणि 2002 नंतर खासगी व्यापाऱ्याला दार उघडले. दार उघडणे चूक होते असे मी म्हणत नाही. आत येणाऱ्यावर लक्ष ठेवणारे कुणी दाराशी उभे केले नाही, एवढेच म्हणतो. भाव पडला की सीसीआयचे, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाचे, खरेदी केंद्र उशिरा उघडते आणि तोवर गरजवंताचा कापूस घरातून निघून गेलेला असतो.

आता शक्तिपीठ महामार्ग. पवनार ते पत्रादेवी, 2025 च्या मान्यतेवेळी बारा जिल्हे, सुमारे 802 किलोमीटर, सांगितलेला खर्च 86 हजार कोटींच्या वर. राज्य मंत्रिमंडळाने 24 जून 2025 रोजी मान्यता दिली आणि 20,787 कोटींची तरतूद केली. वित्त विभागाने कर्जाच्या बोज्याबद्दल दिलेला इशारा बाजूला राहिला. परभणीत गोदावरीच्या खोऱ्यातली जी जमीन जायची आहे ती माळरान नाही. जायकवाडीच्या पाण्यावर भिजलेली काळी आहे. शिवाय जालना–नांदेड समृद्धी जोडमार्गही याच जिल्ह्यातून जातो आहे. एकाच पिढीत दोन द्रुतगती मार्गांना जमीन देण्याचा मान आम्हाला मिळाला, आणि नागपूरपासून तुळजापूरपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग शेजारच्या नांदेड-लातुरातून आधीच धावतो आहे.

2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, काही प्रकल्पांना संमतीची अट आहे. राज्याने 2018 च्या दुरुस्तीने महामार्ग कायद्याखालच्या संपादनाला त्यातून सूट दिली. ती दुरुस्ती झाली तेव्हा विधिमंडळात तुम्ही सगळे होता. मग 2025 च्या उन्हाळा-पावसाळ्यात मोजणीला अधिकारी पोलीस घेऊन आले, तेव्हा शेतकरी बायकापोरांसह बांधावर आडवा झाला. दुसरा मार्गच शिल्लक ठेवला नव्हता, तर तो कुठे जाणार?

इथे मला कोल्हापूर आठवते. त्याच महामार्गाची कोल्हापूर जिल्ह्यातल्या भूसंपादनाची अधिसूचना ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, रद्द झाली. निवडणूक झाली आणि प्रकल्प पुन्हा उठला, तरी डिसेंबर 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांना सोलापूर-सांगली-कोल्हापुरातली आखणी बदलण्याचे बोलावे लागले. तिथला शेतकरी आमच्याहून शूर आहे का? नाही. आमच्याकडेही मोजणी अडवली, ग्रामसभांनी ठराव केले. फरक एवढाच की तिथे गोकुळ दूध संघ आहे, जिल्हा बँक आहे, चालू सहकारी कारखाने आहेत, उसाच्या आंदोलनात तावून निघालेली शेतकरी संघटना आहे. त्या संस्थांच्या सभासदांपुढे पुन्हा जायचे असते, म्हणून सत्ताधारी पक्षातल्या मंत्र्यालाही तिथे ‘आमच्या जिल्ह्याला हा रस्ता नको’ म्हणावे लागते. त्या संस्था धुतल्या तांदळासारख्या आहेत असे नव्हे. पण त्यांचे दार वाजवता येते. आमच्याकडे वाजवायला दार कुठले? कारखाना कंपनीचा, विमा कंपनीचा, उमेदवार वरून आलेला.

उमेदवाराचे निघालेच आहे तर तेही बोलू. परभणीची लोकसभेची जागा 1989 पासून, 1998 चा अपवाद सोडला तर, धनुष्यबाणाच्या किंवा मशालीच्या बाजूने राहिली. निवडून आलेले बरेच खासदार पुढे पक्ष सोडून गेले, मतदार मात्र जागेवर राहिला. एवढ्या निष्ठेचे आम्हाला काय मिळाले? पक्की जागा म्हणजे काही द्यायची गरज नसलेली जागा, असा अर्थ एका बाजूने काढला. 2024 मध्ये दुसऱ्या बाजूने, म्हणजे महायुतीने, साताऱ्याच्या माण तालुक्यातले महादेव जानकर इथे उभे केले, कारण मित्रपक्षाला एक जागा द्यायची होती आणि ती आमची निघाली. जानकरांशी माझे वैर नाही. ते सव्वा लाखाहून अधिक मतांनी पडले, यात जात, आरक्षण आणि बरेच काही होते. पण जिल्हा हा युतीच्या वाटाघाटीतला सुटा पैसा आहे, हे त्या तिकिटाने सांगितले. पालकमंत्र्यांचेही तेच. मुंबईचे दिवाकर रावते आणि नवाब मलिक, जळगावचे गुलाबराव पाटील, जालन्याचे बबनराव लोणीकर, उदगीरचे संजय बनसोडे, अशी पाहुण्या पालकांची मोठी यादी आमच्याकडे आहे. ध्वजवंदनाला येणारा असा पालक जिल्हा नियोजन समितीचा निधी वाटायचा आणि संध्याकाळच्या आत परतायचा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट, जिच्याबद्दल तुमच्यापैकी कुणीही उपोषण केले नाही. 2022 च्या वसंतात परभणी जिल्हा परिषदेवर आणि महापालिकेवर प्रशासक आले. 2023 गेले, 2024 गेले, 2025 गेले. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका घ्या म्हणून बजावले तेव्हा कुठे हालचाल झाली. या काळात शक्तिपीठाची आखणी झाली, विम्याचे निकष बदलले, महापूर आला. जिल्ह्याच्या वतीने बोलेल असे लोकनियुक्त सभागृह या संपूर्ण काळात बंद होते. कोविड, ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कारणे खरी होती. पण सभागृह बंद असल्याने तुमच्यापैकी कुणाचे काही अडले नाही, हेही तितकेच खरे.

दूरचे एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये 1989 मध्ये इंग्लंड आणि वेल्सचे पाणी खासगी कंपन्यांना विकले. पद्धत ओळखीची वाटेल : नदीखोऱ्यांनुसार प्रदेश पाडले आणि एकेक प्रदेश एकेका कंपनीला. लंडनची थेम्स वॉटर आज कर्जाच्या डोंगराखाली आहे. पुढचा नंबर स्कॉटलंडचा होता. तिथे स्ट्रॅथक्लाइड नावाच्या प्रादेशिक परिषदेने मार्च 1994 मध्ये टपालाने जनमत घेतले. 70 टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले आणि त्यातल्या 97 टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले. स्कॉटलंडचे पाणी आजही सार्वजनिक आहे. आणि ती परिषद? 1996 मध्ये सरकारने प्रादेशिक परिषदाच बरखास्त केल्या. लोकांना विचारणारी संस्था सरकारला किती खुपते, हे तिथेही दिसते.

एवढ्या लांब जायचे नसेल तर तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर आहे. वीज 2011 मध्ये जीटीएलला फ्रँचायझी म्हणून दिली, 2014 मध्ये परत घ्यावी लागली. पाणी 2014 मध्ये खासगी कंपनीकडे दिले, 2016 मध्ये महापालिकेने करार रद्द केला. तिथे नगरसेवक होते, नागरिक कोर्टात गेले, वर्तमानपत्रे मागे लागली. आणि परभणीचेही एक सांगतो, म्हणजे हे पत्र नुसते रडगाणे वाटायला नको. 2021 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी सगळा जिल्हा रस्त्यावर आला, झेंडे बाजूला ठेवून. 2023-24 मध्ये 100 विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली. खासगी महाविद्यालयावर भागवा असे आम्हाला सांगता आले नाही, कारण त्यावेळी जिल्हा एका तोंडाने बोलत होता.

तेव्हा मागणे पॅकेजचे नाही. पाच गोष्टी लेखी हव्यात.

पहिली : पीक विम्याचा हिशेब जिल्हानिहाय आणि महसूल मंडळनिहाय, दर हंगामानंतर ग्रामसभेत वाचला जावा. किती हप्ता गेला, किती भरपाई आली, किती दावे फेटाळले, का फेटाळले. 80:110 चे सूत्र कायम राहावे आणि वाचलेला पैसा त्याच जिल्ह्याच्या शेतीवर खर्च व्हावा.

दुसरी : जो कारखाना 14 दिवसांत पैसे देत नाही, त्याच्यापुरते 25 किलोमीटरचे संरक्षण पुढच्या हंगामात उठवावे. कुंपण सरकारी हवे असेल तर त्याचे भाडे म्हणून एवढी शिस्त पुरे. तोडणीची यादी रोज गावच्या चावडीवर आणि मोबाइलवर दिसावी.

तिसरी : महामार्गाला जमीन देणाऱ्या गावातल्या ग्रामसभेचा ठराव बंधनकारक करा. 2018 ची दुरुस्ती मागे घेणार की नाही, हो किंवा नाही एवढेच सांगा.

चौथी : जिल्हा परिषद किंवा महापालिकेवर सहा महिन्यांपेक्षा जास्त प्रशासक राहिला, तर त्या काळात जमीन, पाणी, वीज, आरोग्य यांविषयी कोणताही दीर्घ करार किंवा संपादन त्या जिल्ह्यात होणार नाही, असा कायदा करा. सभागृह बंद, तर दुकानही बंद.

पाचवी : जे विकायचे, भाड्याने द्यायचे किंवा फ्रँचायझीला द्यायचे आहे ते जाहीरनाम्यात प्रदेशाच्या नावासकट छापा. ‘परभणी विभागाची वीज अमक्या पद्धतीने देऊ’ असे लिहून मते मागा. मिळाली तर खुशाल द्या. खासगीकरणाला माझा सोवळ्यातला विरोध नाही. न विचारता होणाऱ्या वाटणीला आहे.

तुम्ही म्हणाल, लोक जात आणि निशाणी बघून मत देतात, मग आम्हालाच का विचारता? खरे आहे, देतात. पण ज्याचा ऊस एकाच कारखान्याला जाऊ शकतो, विमा एकाच कंपनीत उतरतो आणि ज्याची जिल्हा परिषद वर्षानुवर्षे कुलूपबंद होती, त्याच्यापुढे निवडायला जात आणि निशाणी यांशिवाय तुम्ही ठेवले तरी काय? 1974 मध्ये तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या वसमतला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि मराठवाडा विकास आंदोलन पेटले, तेव्हा याच लोकांनी जात बाजूला ठेवून नोकऱ्या, रेल्वे आणि विकास मागितला होता. मागायची सवय आम्ही विसरलो असू, पण ती आमच्या मातीत आहे.

या पाच मुद्द्यांवर तुमचे उत्तर पक्षाच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी यावे. ते तुमच्या जिल्हाध्यक्षाने पत्रकार परिषदेत वाचू नये. गंगाखेड, पाथरी, पूर्णा, जिंतूर, जिथे जमेल तिथल्या एका ग्रामसभेत उभे राहून वाचावे आणि लोकांचे प्रश्न घ्यावेत. जो पक्ष येणार नाही त्याचे नाव आम्ही त्याच ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘निमंत्रित, गैरहजर’ म्हणून लिहू, आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा उमेदवार गावात आला की आधी ते पान त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेऊ.

कळावे,
आपला,
परभणी जिल्ह्यातील एक मतदार